वेणीचा धडा

हातमोजे चढवले की प्रणितीची बोटं आपोआप चालू लागत. दहावीच्या मुलांना शुश्रूषा शिकवायची म्हणून वृद्धाश्रमातल्या जुन्या सेविकांच्या हातांच्या हालचाली यंत्राने त्या हातमोज्यांत उतरवून घेतल्या होत्या. कुठल्या जोडीत कुणाचे हात, ते मात्र कुणी सांगत नसे.

आंधळ्या यमुनाआजींची वेणी घालून झाली, तरी हातमोजे थांबेनात. ते आजींच्या गालांवरून फिरले, प्रणितीच्या कानशिलांशी आले, कडाकडा बोटं मोडली, आणि जाता जाता त्यांनी आजींच्या कानाची पाळी हळूच ओढली.

"आलीस होय गं, शालन?" आजी हसल्या.

शालन म्हणजे प्रणितीची आई. याच आश्रमात राबत होती, वारेपर्यंत. शाळेला निघालेल्या प्रणितीची वेणी घातली की रोज अस्संच करायची.

"हे काय भलतंच?" हातमोज्यांना जोडलेल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत शुश्रूषा शिकवणारे हुद्दार सर म्हणाले. "धड्यात हे नाही. पुसून टाकतो."

"सर, राहू द्या ना."

"परीक्षेत तुझेच मार्क जातील, बाळ."

दुसऱ्या दिवशी वेणी झाली आणि हातमोजे निमूट थांबले. आजी तोंड वर करून बसून राहिल्या. प्रणितीने हातमोजे ओढून काढले, आजींच्या गालांवरून स्वतःचे हात फिरवले आणि कानशिलांवर टेकवून जीव खाऊन दाबले. एकही बोट मोडलं नाही.

"आज दुसरीच कुणी आहे वाटतं," आजी पुटपुटल्या. "शालन परत गेली का गं?"