खाण्याजोगी जात

ओसरीवर बशीत कप किणकिणला. नारायणराव सरांनी तो आनंदानं खाली ठेवला होता, पण समोर बसलेल्या घरच्यांत आनंद कुणालाच नव्हता.

सर बुलढाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. संग्रामपूरला एसटीतून उतरून, चिखल तुडवत ते सातपुड्याच्या पायथ्याच्या या घरी पोचले होते.

"अळंबीची ही जात नवी आहे," ते म्हणाले. "पुण्याला दाखवली, कलकत्त्याला दाखवली. आजवर कुणीच नोंदवलेली नाही. आणि मुख्य म्हणजे विषारी नाही. चांगली खाण्याजोगी आहे. मी खाल्ली, माझ्या घरी सगळ्यांनी खाल्ली."

"आमच्या घरी एकानंच खाल्ली होती, सर," दयाराम म्हणाला.

तो एक म्हणजे त्याचा थोरला भाऊ, शालिग्राम. मागच्या आखाडात शालिग्रामच्या बायकोनं, कोकिळानं, डोंगरातल्या बांबूच्या बेटातून टेकोडे आणले. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या या अळंब्या तिच्या माहेरी सगळेच खायचे. हे जरा वेगळे होते, वरून राखी, खालून पिवळट. तिला वाटलं, पावसाचा फरक असेल. सासू आणि दीर पोरीला घेऊन वडनेरला गेले होते. शालिग्राम बाजार करून आला. तिनं थोडेसेच शिजवले, त्याच्यापुरते. बाकीचे सासू आल्यावर करू म्हणून टोपलीत राखले. त्यानं ताट पुसून खाल्लं. ओकाऱ्या सुरू झाल्या, जुलाब लागले, आणि बैलगाडी दवाखान्यात पोचायच्या आधी माणूस गेला.

टोपलीतले टेकोडे दयारामनं पुरावा म्हणून वाळवून ठेवले. पोलीस पाटील आला, बाईकडून चूक झाली म्हणाला, निघून गेला. पुढं या टेकोड्यांचं ऐकून सर आले. त्यांनी ते वाळलेले टेकोडे मागून नेले, आणि कोकिळानं दाखवलेल्या जागेवरून ताजेही.

शालिग्राम गेल्यापासून कोकिळाच्या हातचं घरात कुणी खाल्लं नाही. सासूनं, जनकाबाईनं, तिच्याकडून चूल काढून घेतली. शेण काढायचं, पाणी भरायचं, निंदायला जायचं. पण भाकरीला हात लावायचा नाही. हेही तिनं सोसलं असतं. पण शेवंताला, तिच्या चार वर्षांच्या पोरीला, घास आजीच भरवायची. एकदा कोकिळानं गुपचूप लेकीच्या तोंडात गुळाचा खडा घातला. जनकाबाईनं पोरीच्या गालात बोट घालून तो बाहेर काढला.

"याच हातानं माह्या पोराले वाढलं व्हतं तुनं."

पोर झोपेत आईची बोटं शोधायची आणि तोंडात धरून चोखायची. कोकिळा मग हात हलवत नसे. तेवढंच तिचं भरवणं.

आता सर दाराशी उभ्या असलेल्या कोकिळाकडे वळले. "बाई, वाळलेले आणि ताजे, सगळे एकाच जातीचे निघाले. त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. तुमची काहीही चूक नव्हती."

पुढचं कोकिळाला ऐकूच आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे परात आली. आज ती भाकर थापील. तव्यावरची टम्म फुगलेली भाकर काढील, वरचा पापुद्रा सोडवील, फुंकून फुंकून शेवंताच्या तोंडात देईल. तिला कळायच्या आत तिचे पाय चुलीकडे निघाले.

जनकाबाई आडवी उभी राहिली.

"बस तठीच." आवाज चढलेला नव्हता, त्यानंच कोकिळा थिजली. "सालभर म्या म्हनलं, येडी हाय, वयखू नाही आलं तिले. चूक झाली. चूक व्हती म्हून घरात ठेवलं तुले." म्हातारीनं सरांकडे मान वळवली. "आता हे म्हंतात, चूकच नव्हती."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "तसं नाही हो, मला म्हणायचं होतं..."

"समजलं आमाले," दयारामनं पायात वहाणा सरकवल्या. "पोलीस पाटलाले घेऊन येतो मी."

कोकिळा होती तिथंच खाली बसली. वर्षभर तिनं मनातल्या मनात त्या टेकोड्यांना शिव्याशाप दिले होते. या घरात तिची जागा त्यांनीच राखली होती, हे तिला आत्ता उमगलं. त्या दिवशी शालिग्रामनं बाजारात काय खाल्लं, कुठलं पाणी प्याला, कुणाबरोबर बसला, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती.

आजीच्या लुगड्याआडून शेवंता बाहेर आली. आईच्या मांडीवर चढून बसली. दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, मंग बाबा कशानं मेले?"