तापाचे दिवस

अरबस्तानच्या दुसऱ्या मोहिमेचं सामान दिवाणखान्यात बांधून पडलेलं, आणि माझा अँब्रोज सकाळीच बायकोची तक्रार घेऊन आला.

"आई, हेस्टरला इथेच यॉर्कशायरला ठेवून घे. मागच्या खेपेला तिला ताप आला आणि सगळ्या मोहिमेचं वाटोळं झालं."

सूनबाई जिन्यावर बसून बुटांच्या नाड्या आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी जाणार."

मी म्हटलं, "बाबा रे, माझं वाचन बायबलपुरतं. तुझी रोजनिशी आण, आणि तिच्या तापाचे दिवस तूच मला वाचून दाखव."

त्याने मोठ्या ऐटीत सुरुवात केली. "सोमवार. वाट चुकलो. मंगळवार. वाटाड्याला मूर्ख म्हणालो, तो रागावून निघून गेला. बुधवार. त्याच्यामागे उंटही गेले." मग त्याने रोजनिशी मिटली.

"थांबलास का? वाच की."

"गुरुवार. हेस्टर अंगात ताप असताना उठली. वाटाड्याची समजूत काढून उंटांसकट त्याला परत घेऊन आली."

मी चहाची किटली खाली ठेवली. "हेस्टर, तू खुशाल जा गं. ह्याला न्यायचं की माझ्याजवळ ठेवायचं, तेवढं सांगून जा."