सातव्या पुतळ्याचा हात

"हा आपला माणूस नाही," बाबा म्हणाले.

धाकटीच्या हातात वर उचललेल्या कापडाचं टोक तसंच राहिलं. नौदलाच्या उत्सवासाठी बंदरावरच्या रस्त्याला बारा पुतळे मांडले होते. सुकाणूवाला, तोफवाला, पाणबुड्या, जहाजावरचा आचारी. सातवा तिने घडवलेला. बॉयलरवर राबणारा खलाशी, सलामीला उभा. चेहरा बाबांचाच, त्यांच्या पंचविशीतल्या फोटोवरून घेतलेला. पाच महिने तिने त्यांना कामाच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. समारंभाआधी त्यांना एकट्यांना दाखवायचं, म्हणून आज जरा आधी घेऊन आली होती.

"नाक चुकलं का?" तिने विचारलं.

"नाक माझंच आहे. हात कुणाचा?"

हात कपाळाशी होता आणि तळवा समोर, रस्त्याकडे.

"भावजी उभे राहिले होते नमुन्याला," ती म्हणाली. थोरल्या बहिणीचा नवरा पायदळातून निवृत्त झालेला. सलामी म्हणजे सलामी, असं समजून तिने त्याचा हात जसाच्या तसा उचलला होता.

"तरीच. त्यांचा तळवा समोर. आमचा खाली, जमिनीकडे. अगं, जहाजावर हात कायम बरबटलेले. पूर्वीच्यांचे डांबराने, आमचे तेलाने. ते काय साहेबाच्या तोंडापुढे नाचवायचे?"

"कुणाच्या लक्षात येणार आहे, बाबा?" ती म्हणाली खरी, पण स्वतःच तो तळवा पुन्हा निरखू लागली.

"आज इथे अर्धं नौदल लोटणार आहे. आणि ते सोड. चेहरा माझा, सलामी जावयाची! उद्यापासून मी या रस्त्याने जाऊ कसा?"

तेवढ्यात लांबून बँड वाजला. पहिल्या पुतळ्याशी. नौदलाचा अधिकारी एकेका पुतळ्यावरचं कापड ओढणार, सलामी देणार आणि बँड नि गर्दीसकट पुढच्याकडे सरकणार होता. म्हणजे तिच्या हातात सहा पुतळ्यांएवढा वेळ होता.

वाहतुकीत तडा गेला तर असावी म्हणून डागडुजीची पिशवी तिने बरोबर आणली होती. तिने करवत काढली. हात मनगटाशी वेगळा जोडलेला होता, तिथेच तिने पातं लावलं. फायबरचा भुसा बाबांच्या इस्त्रीच्या बाहीवर उडत होता. दुसऱ्या पुतळ्याशी टाळ्या झाल्या. तिसऱ्याशी झाल्या तेव्हा हात सुटून बाबांच्या ओंजळीत आला.

बाबा काठी टेकवून चौथऱ्यावर चढले. तिने हात परत सांध्याला लावला. "जरा खाली वळव. अजून. हं, असा. आता झाला आपला."

तिने लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, कालवली, सांध्यात ठासून भरली, वरून घाईघाईने ब्राँझचा रंग मारला. समुद्रावरून गार वारा येत होता. अशा हवेत लांबी धरायला वेळ घेते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"घट्ट धरून ठेवा. हलला की गेला."

बाबांनी दोन्ही हातांनी मनगट धरलं. चौथा झाला. पाचवा झाला. तिने नखाने लांबी टोचून पाहिली, नख आत गेलं. सगळ्या गावादेखत, आपलं नाव कोरलेल्या पुतळ्याचा हात अधिकाऱ्याच्या पायाशी पडलेला तिला आत्ताच दिसायला लागला.

बँड सहाव्याशी आला.

"झाक," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"बॉयलरखोलीत बत्तीस वर्षं काढली. चादरीखाली पाच मिनिटं निघतील."

तिने त्यांची जुनी खलाशी टोपी सरळ केली आणि दोघांवर मिळून कापड टाकलं.

अधिकारी आला. तरुण होता, नखशिखांत पांढऱ्या गणवेशात. त्याने कापडाची दोरी ओढली. कापड खाली आलं आणि गर्दीत आधी शांतता, मग हशा. एकाच नाकाचे दोघे जण! एक सलामीला उभा, दुसरा म्हातारा त्याचं मनगट धरून लोंबकळल्यासारखा. पोरं खिदळली, मोबाइल वर झाले. धाकटी चौथऱ्याशी खाली बसून कापड गोळा करू लागली. तिला मान वर करायची हिंमत होईना.

अधिकारी मात्र हसला नाही. त्याने पुतळ्याचा हात पाहिला, मग म्हाताऱ्याची टोपी पाहिली आणि टाचा जुळवून सलामी दिली. सहा पुतळ्यांपुढे त्याचा हात लगेच खाली आला होता. इथे तो उत्तरासाठी थांबला.

बाबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. ती चरकली. बाबा आता काय करणार, हे तिला कळून चुकलं.

"बाबा, सोडू नका," ती खालून कुजबुजली. "अजून ओलं आहे."

त्यांनी एकेक बोट उचललं. आधी डाव्या हाताची, मग उजव्या हाताची. पुतळ्याचं मनगट जरासं थरथरलं आणि जागेवर राहिलं.

बाबा ताठ झाले. त्यांचा हात टोपीच्या काठाशी गेला, पुतळ्याच्या हाताला अगदी समांतर. खाली बसलेल्या तिला त्यांचा तळवा दिसला, लांबीने आणि ओल्या ब्राँझने बरबटलेला.

समोरच्या एवढ्या गर्दीत तो कुणालाही दिसला नाही.