आधी तू सांग

"आधी तू सांग," बाबा म्हणाले आणि ग्लास नाकाखाली धरून उभे राहिले.

मुलीनं घड्याळाकडे बघितलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. ही दिवसातली पहिली वाइनरी. अजून तीन बाकी होत्या.

तिनं ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. काही नाही. नळाचं पाणी हुंगावं तसं. दोन महिन्यांपूर्वी आलेला ताप उतरला होता, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला होता. मागच्या आठवड्यात गॅसवर दूध करपून भांडं काळं झालं, आणि ती दोन हात अंतरावर बसून निवांत पेपर वाचत होती. नवरा आतून धावत आला तेव्हा कळलं. त्याच्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना तर नाहीच.

बाबांना सांगणार तरी कसं? धंद्यात त्यांना सगळे 'नाकसाहेब' म्हणत. एका मोठ्या हॉटेल कंपनीची वर्षभराची वाइन तेच निवडायचे. त्यांनी मान डोलावली की वाइनवाला वर्षभर निर्धास्त, नाक मुरडलं की बाटल्या तळघरातच. गेली सहा वर्षं ती त्यांच्या हाताशी होती आणि उद्यापासून त्यांच्या जागी बसणार होती. कंपनीचं पत्रही आलं होतं. बाबांची ही शेवटची फेरी.

तिनं पापण्यांच्या फटीतून बाबांकडे बघितलं. त्यांची उजवी भुवई किंचित वर गेली होती.

"छान आहे," ती म्हणाली. "मागे बेदाण्याची गोडी रेंगाळते."

"बेदाणा!" बाबांनी घोट तोंडात घोळवून बादलीत टाकला. "अगदी हेच माझ्या ओठांवर होतं. घेऊ या."

मालकानं हात जोडले. मुलीचा जीव भांड्यात पडला, पण गाडीत बसेपर्यंतच. चाखलेली वाइन गिळायची नाही हा धंद्याचा नियम, त्यामुळे चाखूनही गाडी तीच चालवायची. एरवी तिला हा रस्ता आवडायचा, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. आज मात्र ती उगाच गिअर बदलत राहिली.

दुसऱ्या वाइनरीत निभावलं. तिथला मालक इतका बडबड्या, की वाइनला कसला वास येतो ते त्यानंच आधी सांगून टाकलं. तिनं त्यातले दोन शब्द उचलले, बाबांनी हो म्हटलं.

तिसरी वाइनरी म्हणजे नुसती एक शेड होती. मालकीणबाई आधी नर्स होत्या. नोकरी सोडून त्यांनी मळा लावला होता. नखांच्या कडा जांभळ्या पडलेल्या. त्यांनी ग्लास तीनदा पुसले.

"पहिलीच आहे माझी," त्या म्हणाल्या. "अजून घरच्यांशिवाय कुणी चाखलेली नाही."

बाबांनी ग्लास उचलला. गाडीतून उतरताना त्यांचा गुडघा दुखावला होता, म्हणून ते पिंपाला टेकून उभे होते. त्यांनी वास घेतला आणि मुलीकडे बघितलं. कपाळावर आठी होती. ठसठशीत आठी.

"जरा आंबट आहे," मुलगी म्हणाली.

"आंबटच," बाबा म्हणाले. "नाही चालणार."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं.

"काय चुकलं तेवढं सांगता का? पुढच्या खेपेला सुधारीन."

"द्राक्षं लवकर खुडलीत तुम्ही," बाबा म्हणाले.

"लवकर?" बाई गोंधळल्या. "या अख्ख्या पट्ट्यात सगळ्यांच्या शेवटी खुडली हो मी."

मुलीला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. ती बाबांकडे वळली. आता तरी ते काही बोलतील, पुन्हा एक घोट घेतील. बाबांनी ग्लास खाली ठेवला.

"आमच्या मुलीनं म्हटलं ना? मग झालं."

मग चौथी वाइनरी. मोठा दिवाणखाना, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, रांगेत मांडलेले सहा ग्लास. आणि तिच्या डोळ्यांसमोर सारखं ते घडी घातलेलं फडकं.

"मला सर्दी झालीय," ती एकदम म्हणाली. "आज नको."

"मग नंतर कधीतरी," बाबांनी लगेच ग्लास सरकवला.

"नाकसाहेब, तुम्ही तरी घ्या!" मालक म्हणाला.

"छे. तिच्याशिवाय नाही."

उद्यापासून मान तिचा, म्हणून बाबा आजच मागे सरले. असं तिला वाटलं आणि आणखीच भरून आलं.

परतीच्या रस्त्यावर तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच होते.

"बाबा, मला ती नोकरी नको."

"का गं?"

"मला वास येत नाही, चव लागत नाही. दोन महिने झाले. कशाचाच नाही. आज दिवसभर मी तुमच्या तोंडाकडे बघून बोलले. भुवई वर गेली की छान, आठी पडली की आंबट." तिचा आवाज फाटला. "त्या बाईंचं वर्ष मी वाया घालवलं. तुम्हाला ती खरंच आंबट लागली असेल तर ठीक आहे. नसेल तर आत्ता सांगा, आपण परत जाऊ."

बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला.

"गाडी वळव," ते म्हणाले.

तिनं डोळे पुसले. "म्हणजे चांगली होती?"

"ते मला काय ठाऊक? सात वर्षं झाली माझं नाक आणि चव जाऊन. मी तुझ्याच तोंडाकडे बघत होतो."