आज कुठली भाषा?

"सर सारखे आईला हाक मारतात हो," सरांना सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या.

"आईला नाही," नलिनीबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या.

पक्षाघातानंतर सरांच्या तोंडी 'आई' हा एकच शब्द उरला होता. त्यांचा जन्म परक्या भाषा शिकवण्यात गेला. नलिनीबाईंना बघायला आले तेव्हाही, दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी याच शब्दाचे अर्थ सांगितले होते. 'आई' म्हणजे जपानीत प्रेम, आणि तुर्कीत थोडा आखडता म्हटला की चंद्र.

म्हणून आता सर 'आई' म्हणाले की नलिनीबाई विचारायच्या, "अहो, आज कुठली भाषा?" ते खिडकीकडे बघायला लागले की तुर्की, मग त्या पडदा सारून द्यायच्या. त्यांच्याकडेच बघत राहिले की जपानी. मग या वयातही त्यांचा हात उगाच पदर सारखा करायला जायचा.

आज सरांनी बशीला तोंड लावलं नाही. खिडकीकडेही पाहिलं नाही. ते नलिनीबाईंकडेच बघत होते, पण घाबरून. धड असलेल्या हाताने त्यांनी बायकोच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर धरतं तसं.

"आई," ते म्हणाले.

नलिनीबाईंनी भाषा विचारली नाही. त्यांनी बशी खाली ठेवली. जन्मभर 'अहो' म्हणत आलेल्या त्या बाईने नवऱ्याच्या केसांवरून हात फिरवला.

"काय रे बाळा?"