एका शब्दाची चार कार्डं

कोशकारांनी सकाळचं वर्तमानपत्र दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि मेलेला उंदीर उचलावा तसं टेबलावरून केराच्या टोपलीत सोडलं. पहिल्या पानावर 'फितूर' हा शब्द नऊ वेळा होता. सत्तेतले विरोधकांना फितूर म्हणत होते, विरोधक सत्तेतल्यांना, आणि अग्रलेखवाल्याने तर वाचकांनाही सोडलं नव्हतं.

"चघळून चघळून चोथा केलाय शब्दाचा," ते म्हणाले. "हात लावायचीही किळस येते आता."

समोर बसलेल्या धाकट्या बहिणीला हसू आलं नाही. तिचा नवरा, शाळेतला मास्तर, याच शब्दापायी चाळीस दिवस कोठडीत होता. बक्षीस समारंभाला मंत्री आले होते, शाळेचे जुने विद्यार्थी म्हणून. मास्तरांनी कौतुकाने आठवण सांगितली, की फुटबॉलच्या सामन्यात हा पठ्ठ्या अर्ध्यावरच पलीकडच्या संघात जाऊन खेळायला लागला, फितूर कुठला! सभागृह हसलं. जरा जास्तच हसलं, कारण मंत्र्यांनी मोठेपणीही तीनदा संघ बदलला होता. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. लोकप्रतिनिधीवर देशद्रोहाचा आळ घेतला तर सात वर्षं, असा नवा कायदा होता.

"दादा, उद्या साक्षीला तू एकटाच आहेस रे," बहीण म्हणाली. "हेडमास्तरांची पाठ धरलीय म्हणे. आणि शेजारचे डॉक्टर कालपासून गावालाच गेलेत."

"शेपूट घातलं सगळ्यांनी!" कोशकारांनी टेबलावर मूठ आपटली. "ओकारी येते मला असल्या माणसांची. एक वाक्य बोलायचं तर यांची जीभ टाळ्याला चिकटते."

त्यांनी खण ओढला. गेली तीस वर्षं ते शब्द असेच जमवत आले होते. एका कार्डावर एक अर्थ, त्याखाली कुणाच्या तरी तोंडचं खरं वाक्य, आणि त्याखाली बोलणारा कोण ते. पुस्तकातलं उदाहरण त्यांना चालत नसे. स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच हवं, हा हट्ट. दहा खंड निघाले होते. अकराव्याची छपाई परवानगीसाठी दोन वर्षं सरकारी खात्यात अडकली होती, आणि कोशकारांची सत्तरी उलटली होती.

'फितूर'ची चार कार्डं होती. पहिलं, शत्रूला सामील झालेला. दुसरं, खेळात बाजू बदलणारा. बोलणारा, गल्लीतला गोलरक्षक. तिसरं कोर्टातल्या अर्थाचं. त्यावर वाक्याची जागा कोरीच.

"जन्मात कधी कोर्टाची पायरी चढलो नाही," ते पुटपुटले. "वाक्य ऐकणार कुठून?"

चौथं कार्ड बहिणीनेच ओढून काढलं. "'फितूर कुठली! आलीस पुन्हा शेजारचं दूध पिऊन!' बोलणारी, आई. स्वयंपाकघरात, मांजरीला." तिने कार्ड त्यांच्यापुढे धरलं. "दादा, एवढंच सांग. वकील म्हणतात, शब्द लाडानेही वापरतात हे कोशकारानेच सांगितलं, की खटला उभाच राहत नाही."

"सांगतो की. आईच्या तोंडचं आहे ते."

ती गेली आणि अर्ध्या तासात खात्याचा माणूस आला. हसतमुख, तळवे घामट. त्याने हात पुढे केला तो नाइलाजाने धरावा लागला. मग त्याने पाकिटातून एक छापील पान काढून टेबलावर ठेवलं. अकराव्या खंडाचंच पान, जाड कागद, सुबक टाइप. 'फितूर'पुढे एकच अर्थ होता: देशाशी बेइमानी करणारा.

"बाकीचे तीन?"

"जागा नाही पुरली," तो म्हणाला. "हे पान पसंत असेल तर उद्या संध्याकाळी खंड यंत्रावर चढेल. आपली साक्ष किती वाजता?"

"अकराला."

"मग भरपूर वेळ आहे."

बोलताना त्याच्या तोंडाला गोडसर वास येत होता. कोशकारांनी नाकाला रुमाल लावला. माणसाचा गळा दाबायच्या आधी हे लोक शब्दाचा दाबतात, असं त्यांच्या मनात आलं.

"पान ठेवा तिथे," ते ताडकन उठून म्हणाले, "आणि निघा. दार समोर आहे."

माणूस हसतच गेला. कोशकारांनी साबण लावून दोनदा हात धुतले. मग चष्मा, चारही कार्डं आणि सवयीने पेन पिशवीत टाकलं, टेबल लख्ख आवरलं, आणि झोपले.

कोर्टात मास्तर पिंजऱ्यात उभे होते. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबत होता. मेहुण्याला बघून त्यांचा चेहरा उजळला. बहीण पहिल्या बाकावर होती. शेवटच्या बाकावर खात्याचा माणूस दिसला, तसं कोशकारांनी तोंड फिरवलं.

बचावाचा वकील उत्साहात उठला. "आपण तीस वर्षं शब्द जमवताय. 'फितूर' या शब्दाचे किती अर्थ आहेत?"

"एक," कोशकार म्हणाले.

वकिलाला वाटलं, म्हातारा गडबडला. "सावकाश आठवा. आपल्या आई घरात हा शब्द कुणाला म्हणायच्या?"

बहिणीने मान वर केली.

"आठवत नाही." आवाज खणखणीत होता, उच्चार नेहमीसारखे निर्दोष. "देशाशी बेइमानी करणारा, एवढाच अर्थ. दुसरा मी तरी कधी ऐकलेला नाही." आणि त्यांनी पिशवीतून जाड कागदाचं एक छापील पान काढून पुढे केलं.

वकिलाने पान हातात घेऊन वाचलं. मग न्यायाधीशांकडे वळून थकलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, माझा साक्षीदार फितूर झाला आहे. तशी नोंद व्हावी."

कोशकारांनी पिशवीत हात घातला, तिसरं कार्ड काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.