गुठळ्या

धाकटीने ओट्यावर मोबाईल उभा केला, व्हिडिओ सुरू केला आणि काट्याने केळी कुस्करायला घेतली. "आज करूया माझ्या लहानपणीचा स्मूदी बाऊल, अगदी आईच्या हातचा!" ती मोबाईलकडे बघून लाडात म्हणाली. दारात उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटीने पीनट बटर घातलं, वर सफरचंदाच्या फोडी आणि बदाम पेरले. "घरात मिक्सर होता, तरी आई केळी हातानेच कुस्करायची. त्या गुठळ्यांतच तिची सगळी माया होती."

"बंद कर तो मोबाईल!" थोरली कडाडली. "तुझी वाटी रोज मी भरायचे. दहा वर्षांची होते, स्टुलावर चढून."

"बरं ताई, तू करायचीस. त्यात एवढं काय चिडायचं? गुठळ्या तर होत्याच ना?"

"होत्या ना! मिक्सर लावला असता तर आई जागी झाली असती. आणि ती जागी झाली की काय व्हायचं, ते माझ्या पाठीला विचार."